भुरीच्या सत्तावीस गाई

“आजसुद्धा शिवली नाही गं!” एडनाने भाताची थाळी तशीच उचलून आणली. वर सुकटीचा रस्सा होता, एरवी भुरीने थाळी चाटूनपुसून लख्ख केली असती.

वसुधा बाजेवर बसून धाकट्या श्यामकांतच्या मोज्यांतली कुसळं उपटत होती. दिवाळीच्या सुट्टीत दोघं रोज चकाल्याहून मरोळला, एडनाच्या बापाच्या गोठ्यावर यायची. आईच्या अटी ठरलेल्या होत्या : टोपी काढायची नाही, विहिरीत डोकवायचं नाही, दिवेलागणीच्या आत घरी!

“आजारी असेल,” श्यामकांत म्हणाला.

“आजारी कुत्री एवढं धावते का रे? पाय बघ तिचे!”

भुरी गोठ्याच्या दाराशी आडवी पडली होती. पंजे सोलवटलेले, कानाजवळ दगडाचा ओरखडा. तिची पाच पिल्लं पंचवीस दिवसांची. ती पोटाशी लुचत होती आणि दूध मिळेना म्हणून कुंईकुंई करत होती. भुरीने मान वर केली, त्यांना एकदा चाटलं आणि लंगडत लंगडत पुन्हा वाटेवरच्या मोरीकडे, ओहोळावरच्या त्या छोट्या पुलाकडे, निघून गेली.

“गेली परत! आठ दिवस हेच चाललंय,” एडना म्हणाली. “गाई गोठ्यात आल्या तरी ही मोरीवर बसून राहते. सकाळी कधीतरी चार घास खाते, बस्स.”

तेवढ्यात एडनाचे पपा, ग्रेगरी अंकल आले. भातकापणीचे दिवस. सकाळपासून वाकून वाकून कंबर मोडलेली. ते पायरीवर बसले.

“एडना, खाणीचा मुकादम रविवारी येईल. भुरीला त्याच्याकडे देतोय. राखणीला बांधून ठेवील.”

“पपा! का?”

“दुसऱ्यांच्या गुरांमागे लागते ती. पलीकडच्या तबेल्याचे चंद्रप्रकाश शेठ दोनदा सांगून गेले, तुमची कुत्री माझ्या गाईंच्या पायांना झोंबते म्हणून. बिघडलेली कुत्री गुरांवर ठेवता येत नाही, पोरी. आणि मला आता भांडायचं त्राण नाही.”

“आणि पिल्लं?” वसुधाने विचारलं.

अंकल उठले. हात धुवायला निघून गेले.

डोक्यावरून सांताक्रूझकडे एक विमान घरघरत गेलं, पण श्यामकांतनेसुद्धा वर पाहिलं नाही!

“आज शुक्रवार,” वसुधा हळूच म्हणाली. “म्हणजे एकच दिवस आहे. एडना, भुरीला शिकवलं कसं, ते सांग बघू नीट.”

“मोरीवर! आपल्या वाटेला दोन्हीकडे भातशेतं ना? एक गाय जरी शेतात घुसली तरी लोक बोंब मारतात. म्हणून पपांनी हिला पिल्लू असल्यापासून मोरीच्या दगडावर बसवलं. सकाळी एकेक गाय हिच्या नाकासमोरून जाते. जेवढ्या गेल्या, तेवढ्या परत आल्या पाहिजेत. सगळ्या येईपर्यंत थाळी द्यायची नाही. आता तर थाळी समोर ठेवली, तरी गाई पुऱ्या झाल्याशिवाय ती तोंड लावत नाही.”

वसुधाच्या हातातलं कुसळ तसंच राहिलं. “अगं, मग ती रुसलेली नाहीये! तिच्या हिशेबाने गाई पुऱ्या आलेल्याच नाहीत!”

“पण पपांच्या तेवीसच्या तेवीस येतात. मी स्वतः मोजते!”

“उद्या सकाळी जाताना मोजूया!” श्यामकांत म्हणाला.

शनिवारी सकाळी तिघं मोरीजवळच्या करवंदीच्या जाळीत दडली. काटे टोचत होते, झोप पुरी झाली नव्हती आणि श्यामकांतला शिंका येत होत्या.

“नाक दाब, गाढवा!”

“दाबलंय ना! अजून किती दाबू?”

गुणाजी गाई घेऊन आला. अंकलकडे नऊ वर्षं गुरं राखणारा हा कोकणातला माणूस चालता चालताच पेंगत होता. भुरी दगडावर बसली. एक, दोन, तीन... गाई तिच्या नाकाखालून पुढे सरकू लागल्या. इतक्यात चिंचेआडून एक जण चार तांबड्या गाई हाकत आला आणि त्याने त्या खुशाल रांगेत घुसवल्या! अंगात कडक इस्त्रीचा सदरा, केसांना चपचपीत तेल.

“हा तर लवू!” एडना कुजबुजली. “चंद्रप्रकाश शेठचा गुराखी!”

“आजचो दिवस सांभाळ रे, गुणाजी,” लवू कंगवा फिरवत म्हणाला. “स्टुडिओत आज गर्दीचो सीन आसा. माका पुढच्या रांगेत उभो करतले!”

“आठ दिवस आजचोच दिवस चललोहा तुझो,” गुणाजी कण्हला. “मालकाक कळला तर माझी वाट लागतली.”

लवू तोपर्यंत अंधेरीच्या रस्त्याला लागलासुद्धा!

भुरीने चारही तांबड्या गाई हुंगल्या. तेवीस आणि चार, सत्तावीस. तिच्या लेखी आता सगळ्या तिच्याच होत्या.

“म्हणजे संध्याकाळी शेठच्या तबेल्याच्या फाट्यावर तो आपल्या चार घेऊन जातो,” वसुधा म्हणाली, “आणि ही बिचारी त्यांना परत आणायला धावते. मग तो दगड मारतो! आणि शेठला वाटतं, ही त्यांच्या गाईंना छळते!”

“चला, पपांना सांगू!”

“ते गुणाजीला विचारतील, तो नाही म्हणेल. नऊ वर्षं कामाला असलेला माणूस खरा की आपण? त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.”

“मग दाखवूया ना,” श्यामकांत म्हणाला. “भुरीलाच दाखवू दे!”

दुपार सरता सरेना. चार वाजता टेकडीवरून गाई उतरायला लागल्या आणि श्यामकांत मटकन वाटेतच बसला.

“आई गं! गुणाजीकाका, काटा! लई खोल गेलाय!”

“खंय? दाखव बघू.” गुणाजीच्या आवाजात वैताग होता, पण तो खाली बसला. काटा खरोखरच होता, सकाळच्या करवंदीचा. गुणाजी सुईसारख्या दुसऱ्या काट्याने तो उकरू लागला आणि श्यामकांत जमेल तेवढ्या मोठ्याने विव्हळू लागला. गाई पुढे निघाल्या, मागे एकटी भुरी.

खाली फाट्यावर डावीकडची वाट चंद्रप्रकाश शेठच्या तबेल्याकडे जात होती. तिथे वसुधा आणि एडना एक बांबू आडवा टाकून त्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. चेहऱ्यावर अजून स्टुडिओतला लाल रंग असलेला लवू धापा टाकत आला.

“ए पोरींनो, बाजूला व्हा! माझ्या गाई येतायत!”

“पाय दुखतात हो, लवूभाऊ,” वसुधा म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं. “जरा बसलोय.”

“लवूभाऊ, पुढच्या रांगेत उभं केलं का तुम्हाला?” एडनाने विचारलं.

लवूने घाईघाईने गालावरचा रंग पुसला. तोवर गाई फाट्यावर आल्या. त्याने एका तांबड्या गाईचं शिंग धरलं, पण भुरी लंगडत मध्ये आली. ना भुंकली, ना चावली. नुसती जमिनीला पोट टेकवून त्या गाईकडे बघत राहिली. गाय वळली. पाठोपाठ बाकीच्या तिघीही. लवूने दगड उचलला.

“मारून तर बघा!” वसुधा ताडकन उभी राहिली. तिचा आवाज एवढा चढला, की तिचं तिलाच नवल वाटलं. “इथून बोंब ठोकली तर शेतांतली सगळी माणसं येतील!”

दगड खाली पडला.

अंगणात ग्रेगरी अंकल भाताच्या पेंढ्या रचत होते. मोरीवरून गाई येऊ लागल्या आणि ते सवयीने पुटपुटू लागले. “एकवीस... बावीस... तेवीस... चोवीस?” पेंढी हातातून निसटली. “सत्तावीस? ह्या कुणाच्या?”

भुरीने कुणाकडेच पाहिलं नाही. शेवटची गाय आत गेली, तशी ती सरळ थाळीपाशी गेली आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच संध्याकाळची जेवायला लागली. गपागपा!

“पपा, आता कळलं?” एडनाच्या डोळ्यांत पाणी होतं.

सगळी हकिगत सांगून होते न होते, तोच चंद्रप्रकाश शेठ धोतराचा सोगा सावरत धावत आले. “ग्रेगरीभाई! माझ्या चार गाई चोरीला गेल्या!”

“चोरीला नाही, शेठ,” अंकल थकून म्हणाले. “आठ दिवस माझी कुत्री फुकट राखत होती त्या. आणि तुम्ही तिचीच तक्रार घेऊन येत होता.”

मागून श्यामकांतला पाठीवर घेऊन गुणाजी आला आणि अंगणातल्या सत्तावीस गाई बघून त्याने मान खाली घातली. “काय करतलंय, मालक? गावचो माणूस तो. नाय म्हणाक जीभ वळली नाय.”

“ती वळवायला शीक, गुणाजी. तुझ्या एका होकाराने पाच पिल्लं उपाशी राहिली.”

शेठ भुरीकडे बघत राहिले. “मला अशी एक कुत्री गुराखी मिळालेली बरी या लवूपेक्षा,” ते म्हणाले. “पोरांनो, माझी चूक झाली. शाबास! डोकं आहे तुम्हा तिघांना!”

अंकलनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. “मी आयुष्यभर कुत्री पाळतोय. मला दिसायला हवं होतं. थकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, पोरांनो. तुम्ही बघितलंत.”

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मुकादम साखळी घेऊन आला. अंगणात वसुधा, एडना आणि पायाला फडकं बांधलेला श्यामकांत पेंढ्यावर बसली होती. भुरी पाच पिल्लांना पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. तिचे पंजे एरंडेल लावून बांधले होते.

“कुठली न्यायची?” मुकादमाने विचारलं.

“कुठलीच नाही,” ग्रेगरी अंकल म्हणाले. त्यांनी काठी उचलली, टोपी घातली आणि गोठ्याचं दार उघडलं. “तिला आठ दिवस रजा आहे. गाईंमागे मी धावणार.”

पहिलीच गाय मोरी ओलांडून थेट भातात शिरली!

“हॅक! हॅक! अगो, थांब!” अंकल धावले. एक चप्पल चिखलात राहिली.

झोपेतच भुरीचा एक कान उभा राहिला.

“झोप गं,” वसुधा तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाली. “धावू दे त्यांना.”