खाडीवरून आलेला सुबूर

श्यामलामावशी खोटं बोलत नाही. खोटं बोलायला समोरच्या माणसाची थोडी तरी कदर लागते, आणि तिला कुणाचीच नाही. म्हणून तिनं सांगितलेली ही हकीकत मी खरीच मानतो.

ऑगस्ट १९९०, महिन्याची अखेर. कुवेत, हवल्लीतला एक फ्लॅट.

इराकी फौजा शहरात घुसल्या होत्या. मावशी हॉस्पिटलात नर्स, तिचा नवरा म्हणजे प्रतापकाका तेल कंपनीत इंजिनियर. दुसऱ्या दिवशी फरवानियाहून जॉर्डनमधल्या अम्मानकडे बस निघणार होती. दोघांच्या जागा ठरल्या होत्या. ती बस चुकली तर पुढची मिळेलच, असं कुणी सांगत नव्हतं.

आणि काका सकाळपासून गळाला पिसं बांधत बसले होते.

हा छंद त्यांनी स्कॉटलंडच्या ट्रेनिंगमधून आणलेला. आमिष लावायचं नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, लांब दोरी हवेत सपसप फिरवून ती पाण्यावर टाकायची. चुकून मासा लागलाच, तर त्याला गोंजारून परत सोडून द्यायचा. मावशीच्या मते ही शुद्ध थेरं होती. नाशिकचा माणूस, गोदेच्या घाटावर कधी घोटाभर पाण्यात उतरला नाही, आणि इथं साहेब बनून खाडीत उभा राहतो.

उन्हाळा सरताना सुबूर मासे अंडी घालायला समुद्रातून खाडीत चढतात. कोळी ते जाळ्यात धरतात, कारण सुबूर गळाला लागत नाही. हे अख्ख्या कुवेतला ठाऊक. काकांना मात्र तो पिसावरच धरायचा होता. दर वर्षी जायचे आणि दर वर्षी हात हलवत परत यायचे.

त्याच आठवड्यात मावशीचं मंगळसूत्र वाढलं होतं. मणी वाटीत काढून ठेवले होते. काकांनी त्यातला एक काळा मणी उचलला आणि माशीचा डोळा म्हणून गळावर ओवला.

मावशीनं ते पाहिलं. ती रागावलीसुद्धा नाही. रागावण्याइतकी त्यांची पत्रास तिनं कधी ठेवलीच नव्हती.

एवढंच म्हणाली, "या वेळी हात हलवत आलात, तर मी दार उघडणार नाही."

काका हसले आणि खालच्या मजल्यावरच्या हारूनच्या पिकअपमधून निघून गेले.

दुपार सरली. मावशीनं बॅगा भरल्या. काकांचे शर्ट कोंबताना त्यांच्या नावानं खडे फोडत होती.

दिवेलागण झाली, आणि...

दारावर टकटक.

"श्यामला, दार उघड. रिकामा नाही आलो."

तिनं उघडलं.

काका ओलेचिंब होते. गळ्यापर्यंत चिखल. हातात लखलखीत सुबूर. तिच्याकडे न बघता ते स्वयंपाकघरात गेले, मासा सिंकमध्ये ठेवला आणि बाथरूमकडे वळले. नळ सुटल्याचा आवाज आला.

मावशी सिंकपाशी उभी राहूनच सुनावू लागली. इतक्या वर्षांत एक मासा, तोही कुणाच्या जाळ्यातून उचलला असेल. आता लवकर आवरा, पहाटे निघायचंय.



फक्त नळाचा आवाज...

पुन्हा टकटक.

दारात हारून होता. हातात काकांची गळाची काठी आणि चपला. तो रडत होता.

"भाभीजी, साहब दोपहर में ही चले गए। पानी चढ़ गया, कीचड़ ने पकड़ लिया। मैं खींच नहीं पाया।"

चौक्या चुकवत घरी पोचायला त्याला संध्याकाळ झाली होती.

मावशी हसली. साहेब आत आंघोळ करतायत, नळ ऐकू येत नाही का, असं तिनं त्याला विचारलं.

नळ थांबला होता...

बाथरूमची कडी बाहेरून लावलेली होती.

आत फरशी कोरडी ठणठणीत.

ती धावत सिंककडे गेली. मासा नव्हता. पिसांचा गळ तेवढा पडला होता, ओला. त्यात काळा मणी.

पहाटे हारूननं तिला धरून बसमध्ये बसवलं. शेजारची सीट अम्मानपर्यंत रिकामी राहिली. काका कधीच सापडले नाहीत.

आता ती नाशिकला असते. जीभ तशीच आहे. "मेल्यावर एक मासा धरला, मोठे दिवे लावले," म्हणते.

पण ऑगस्ट सरत आला की संध्याकाळी ती दार सताड उघडं ठेवते.

गेल्या वर्षी मी तिथं होतो. दिवेलागणीला जिन्यात खाऱ्या चिखलाचा वास आला. मग हवेत दोरी फिरल्यासारखी सपसप...

मग काहीच नाही.

मी बाहेर जाऊन पाहिलं. ओली पावलं जिना चढून उंबऱ्यापर्यंत आली होती. तिथूनच मागे वळली होती.

मावशी टोमणा मारेल असं मला वाटलं. ती जिन्याकडे बघत राहिली.

"दर वर्षी सांगते, रिकाम्या हातानं या," ती म्हणाली. "ऐकत नाहीत. मी तेव्हा बोलले, तेवढंच धरून बसलेत."

मी फरशी पुसायला फडकं आणलं. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

या ऑगस्टलाही तिनं मला बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.