तीन वर्षांचं तेल

निषादला साखळीच्या जुन्या घड्याळांचा नाद होता. नाद कसला, वेडच म्हणा ना! पंचायत समितीतून सुटला की महाडच्या एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासभर बसायचा आणि लिलावाच्या साइटवर घड्याळं बघत राहायचा. घ्यायची ऐपत नव्हती, पण बघायला कोण पैसे मागतं? तिथलं इंटरनेट असं रमतगमत चालायचं की एकेक चित्र वरून खाली हळूहळू उलगडत यायचं. आधी कडी, मग बारा, मग काटे. त्या वाट बघण्यात त्याला अर्धवट झोपेत असल्यासारखं सुख वाटायचं.

दोन हजार सातचा सप्टेंबर होता. त्या संध्याकाळी एक घड्याळ असंच उलगडत आलं. चांदीची पेटी, पांढरी तबकडी, सेकंदाचा छोटा वेगळा काटा. किंमत तीनशे रुपये. त्याला वाटलं, एखादं शून्य राहिलं असेल. खाली लिहिलं होतं, 'घड्याळ चालू आहे. लवकर न्यावे.' त्याने घेऊन टाकलं. चालू घड्याळ कुणी एवढ्या घाईनं का विकेल, हा विचार त्याला घरी जाताना आला. तोवर काय, उशीर झाला होता.

त्याचे वडील दत्तोपंत घड्याळजी. सगळं महाड त्यांना अण्णा म्हणायचं. घराची ओटी हेच दुकान. अण्णा घरात आहेत की नाहीत हे विचारावं लागत नसे. त्यांची बांबूच्या मुठीची मोठी काळी छत्री ओटीवर उघडी वाळत घातलेली दिसली की अण्णा आहेत. उन्हाळ्यात ती कोरडीच उघडून ठेवायचे, गिऱ्हाइकाला फुकटचा हेलपाटा नको म्हणून. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ठरलेलं, "तेल तीन वर्षं पुरतं. तीन वर्षांनी मी पुन्हा बघेन. शब्द आहे माझा."

पंच्याण्णव सालच्या दसऱ्याला अण्णांनी हत्यारांची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी, "पोलादपूरकडे एकाला त्याचं घड्याळ देऊन येतो," म्हणून भर पावसात निघाले. कुणाला, कुठल्या गावात, काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकं सगळी त्यांच्या डोक्यात. त्यानंतर ते परत आले नाहीत. ना माणूस, ना प्रेत, ना छत्री.

निषादची आई सरोज तेव्हापासून रोज कपाळभर कुंकू लावून ओटी झाडत होती. आता चार ऑक्टोबरला बारा वर्षं पुरी होत होती, तीही ऐन पितृपंधरवड्यात. भटजींनी सांगितलं होतं, त्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा. मग अण्णा सुटतील. आणि मग आईनं कुंकू पुसायचं. ती यावर हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

आठवड्यानं पार्सल आलं. घड्याळ हातात घेतलं तर थंडगार, आणि टिकटिक अगदी एकसारखी. निषादनं आपली पद्धत सोडली नाही. आधी माहिती काढायची, मग कौतुक. त्यानं यंत्रावरचा नंबर उतरून घेण्यासाठी अण्णांच्या पातळ सुरीनं मागचं झाकण उचललं. दोन दिवस कॅफेत बसून तो नंबर यादीत शोधला. घड्याळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं निघालं. पण खरी माहिती यादीत नव्हती. ती झाकणाच्या आतल्या बाजूला होती, आणि ती त्याला भिंग लावल्यावर दिसली.

घड्याळजी घड्याळ दुरुस्त करतो तेव्हा झाकणाच्या आत सुईनं आपली बारीक खूण ओरखडतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कुणाचा हात लागला, एवढ्यासाठीच ती असते. अण्णांची खूण म्हणजे 'द', शेपूट डावीकडे वळलेली, आणि खाली तारीख. इथे ती होती. ४.१०.९५. निषादला एकदम भरून आलं. ते गेले त्याच दिवसाची! म्हणजे हेच ते घड्याळ.

मग त्यानं भिंग जरा सरकवलं. त्याच हातानं, त्याच शेपटीनं खाली लिहिलं होतं, ४.१०.९८. त्याखाली ४.१०.०१. त्याखाली ४.१०.०४.

"आई..." त्यानं भिंग तिच्यापुढे धरलं.

सरोजनं भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "अक्षर त्यांचंच आहे," ती म्हणाली. मग हसली. बारा वर्षांत निषादनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "मी म्हणत नव्हते? माणूस आहे कुठेतरी. जा, घेऊन ये."

पार्सलवर मुंबईचा फोन नंबर होता. विकणारा ऋत्विक नावाचा तरुण निघाला, मूळचा पोलादपूरकडच्या कापडे गावचा. "आजोबांचं होतं हो ते," तो म्हणाला. "ते गेल्यावर आजी मागेच लागली, घरात ठेवू नको, कितीला पण दे, पण लांब जाऊ दे. प्रॉब्लेम काही नाही. तिचं आपलं काहीतरी..."

रविवारी निषाद पोलादपूरला उतरला आणि रिक्षानं कापड्याला गेला. ऑक्टोबर अजून लागायचा होता, पण ऊन आतापासूनच तापलं होतं. भातं पिवळी पडू लागली होती, वाऱ्याचं नाव नव्हतं, सगळा गाव दुपारच्या डुलकीत. ऋत्विकची आजी प्रयागबाई अंगणात उडीद पाखडत बसली होती. घड्याळाचं नाव काढताच तिचं सूप थांबलं.

"कुटं गेलं ते?"

"माझ्याकडे आहे, आजी. महाडला."

"म्हाडात?" तिनं कपाळाला हात लावला. "अरं देवा... फिरून तितंच गेलं?"

निषादनं अण्णांचा फोटो पुढे केला. तिनं तो हातात घेतला नाही, नुसता लांबून बघितला.

"ह्योच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आला. पाऊस काय पडत व्हता, इचारू नको. दुपारी खालच्या नदीवरचा साकव व्हावून गेला. त्यावर कोन छत्रीवाला मानूस व्हता, त्यो बी गेला म्हनत व्हते लोक. कोन, कुटला, कुनाला ठाव नाय. आनि दिवेलागनीला ह्यो आमच्या दारात. घड्याल काढून ह्यांच्या हातात दिलं. म्हनला, शबूद दिला व्हता. मी च्या ठेवला म्होरं. पियाला नाय."

"साकव गेल्यावर आले कसे मग?"

"त्येच तर, बाबा. दुसरी वाटच नाय हाय."

कुठेतरी कोंबडी कुरकुरली आणि गप्प झाली.

"मंग दर तीन वर्सांनी यायचा. याच अंगनात बसायचा, घड्याल उघडायचा, तेल घालायचा. ऊन ह्ये असं लखलखीत, आनि ह्याची छत्री आपली गलतीया. सदरा वला. उटून गेला का जमीन चार दिस सुकायची नाय." तिचा आवाज अगदी खाली आला. "फोटूत हाय तसाच. येक केस पांडरा झाला नाय. ह्ये म्हनायचे, मानूस शबूद पालतोय, कुनाला बोलू नको. पन ह्ये गेले, मी येकली. औंदा परत वरीस भरतंय... मला भ्या वाटलं, रे. रागावू नको."

निषाद कसला रागावतो! तो मनातल्या मनात तारखा जुळवत होता. घड्याळ जिथे असेल तिथे अण्णा येणार होते, आणि घड्याळ आता त्याच्या घरी होतं.

घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं, काही म्हणता काही लपवलं नाही. "ते नाहीत, आई. त्याच दिवशी गेले. नुसत्या शब्दापायी अडकलेत. गुरुवारी विधी करू, घड्याळही पुतळ्यासोबत ठेवू. सुटू देत त्यांना."

सरोजनं घड्याळ उचलून कानाला लावलं. मग म्हणाली, "त्या बाईकडे फिरून तीनदा गेले. माझ्याकडे एकदाही नाही आले." तिच्या आवाजात चक्क रुसवा होता. निषादला त्या रुसव्याचीच जास्त भीती वाटली.

गुरुवारी सकाळी तो भटजींना आणायला गेला. सावित्रीच्या घाटावर पळसाची पानं, दर्भ, सगळी तयारी झाली होती. घरून आईला आणि घड्याळाला घेऊन परत जायचं, एवढंच उरलं होतं. दहाचं ऊन डोक्यावर तापत होतं. गल्लीच्या तोंडाशी समोरून जुने शेजारी सयाजीराव आले. त्यांना आता नीट दिसत नसे, जुनं नवं त्यांच्या डोक्यात सरमिसळ व्हायचं.

"काय निषाद, अण्णा घरी आलेत वाटतं?" ते सहज म्हणाले. "छत्री दिसली."

ओटीवर छत्री उघडी होती. बांबूची मूठ, काळं कापड, काड्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. थारोळं पायरीपर्यंत आलं होतं. पाण्याला नदीच्या गाळाचा वास होता, आणि त्यात मिसळलेला घड्याळाच्या तेलाचा. भटजींनी तो वास घेतला, छत्रीकडे पाहिलं आणि पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

सरोज दारात आली. कपाळभर कुंकू, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं.

"घरात माणूस असताना कसले विधी करता?" ती कुजबुजली. "आणि हळू बोला. काम चाललंय."

निषाद तिला ओलांडून आत गेला. अण्णांच्या टेबलापाशी कुणी नव्हतं. खुर्ची ओली होती. घड्याळ उघडं पडलेलं, झाकणावर नवी खूण, ४.१०.०७, ओरखडा अजून चकचकीत. बाजूला कपबशी. कापड्याला ज्यानं कधी चहाला तोंड लावलं नव्हतं, त्याचा कप इथे रिकामा होता.

भटजी त्या दिवशी जे गेले ते पुन्हा आले नाहीत. निषाद वाट बघत राहिला. काम झालं, आता छत्रीही जाईल. घटस्थापना झाली, दसरा झाला, दिवाळी आली. छत्री ओटीवर तशीच. आणि ती सुकेना. रोज सकाळी सरोज गुणगुणत खालचं पाणी पुसायची, आणि दोन कप चहा आत न्यायची. तिच्या पायात बळ आलं होतं, चेहरा तजेलदार झाला होता. निषादचं आता तिच्याशी बोलायचं धाडस होत नसे. कारण हल्ली तिच्या लुगड्याचे काठही ओले असायचे, गुडघ्यापर्यंत, आणि तिचे हात थंडगार लागायचे. पाडव्याला तिनं ओवाळलं तेव्हा त्याच्या कपाळावरचा टिळा ओघळून नाकापर्यंत आला.

भाऊबीजेच्या दुपारी वरंधचा कुणी अनोळखी शेतकरी ओटीसमोर उभा राहिला. हातात बंद पडलेलं मनगटी घड्याळ.

"घड्यालवाले हायत काय घरात?" त्यानं विचारलं. "छत्री दिसली, म्हनून थांबलो."

निषाद 'नाही' म्हणायला उठलाच होता. पण सरोज आधीच दारात पोचली होती. तिनं ओला हात पुढे केला.

"आहेत ना. द्या इकडे. संध्याकाळी घेऊन जा."

आणि आत, रिकाम्या खोलीत, कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.