क्लिपची सावली

पहिली भेट किरणांच्या खोलीच्या जाड दाराशी झाली. ती पेशींच्या बशा घेऊन लगबगीनं आत, तो बाहेर... बशा वाचल्या, तिची केसांची धातूची क्लिप मात्र त्याच्या बुटापाशी पडली. यंत्र सांभाळणारा नवा इंजिनिअर ती उचलून देत म्हणाला, "हिला जपा. किरणांच्या वाटेत यायची."

"एवढं कळतं मला," ती फणकारली.

तेव्हापासून तिला त्याचा रोज राग येई, आणि चहाही रोज त्याच्याच टेबलावर होई.

किरणांचा अख्खा डोस पापणी लवायच्या आत दिला, तर कर्करोगाच्या पेशी मरतात पण निरोगी पेशी वाचतात का, हे ती तपासत होती. निरोगी पेशींची बशी यंत्राखाली गेली त्या दिवशी त्यानं मान खाली घालून सांगितलं, की झोत मध्येच डळमळला, ही बशी बाद करा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तिनंही कसर ठेवली नाही. तुमच्या यंत्रानं माझ्या कष्टांवर पाणी फिरवलं म्हणाली, आणि चहाला जायची बंद झाली.

मग आवराआवर करताना त्या बशीखालची, किरणांची नोंद घेणारी फिल्म तिनं उजेडात धरली. किरणांनी ती गडद निळी झाली होती. मधोमध फक्त एक फिकट सावली — बारीक दात, वाकडं टोक. तिचीच क्लिप. बशी ठेवताना वाकली तेव्हा निसटली असणार. त्या सावलीतल्या पेशी किरण न लागल्यामुळे जगल्या असत्या, आणि तिनं त्यालाच यश मानलं असतं.

ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली. "क्लिप कुठंय?"

त्यानं ती खिशातून काढली.

"खोटं का बोललात?"

"सरांनी तुमचा प्रयोग काढून घेतला असता."

"घेऊ देत ना! चूक माझी आणि बोलणी तुम्ही खाणार? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

फिल्म घेऊन ती सरांकडे गेली, सगळं सांगितलं. प्रयोग राहिला, पण यंत्रावरची तिची पाळी पार शेवटी ढकलली गेली. ती बाहेर आली, तर तो भिंतीला टेकून उभा.

"राग गेला?"

"नाही. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललात ना, तर लग्नानंतर तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही."

लग्नाचा विषय आजवर कुणीच काढला नव्हता... तिची कानशिलं तापली.

"हे... रागात बोललात?"

"रागातच." तिनं क्लिपसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला नाही. "पण तपासून."