बंब आत आणला तेव्हा

आधीच सांगतो, यात माझ्या पदरचं काही नाही.

हन्नामावशी ही माझ्या आईची मावशी. आम्ही सगळे तिला हन्नामावशीच म्हणायचो. जीभ तिखट आणि स्वभाव पक्का संशयी. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून बघणारी बाई ती, भुताच्या गोष्टी रचणाऱ्यातली नव्हे. तिनं हे मला एकदाच सांगितलं. सांगताना दोनदा उठली आणि आतल्या खोलीत डोकावून आली.

१९४३ साल. डिसेंबरातला शनिवार. जागा केडगाव, नगरहून पुण्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचं घर.

वेळ दिवेलागणीची.

मावशीची लेक दया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला होता. जावई लढाईवर, मावशीचा नवरा शलमोन छावणीत चौकीदार. घरात या दोघी आणि बाळ. दयाच्या आधीची दोन लेकरं मावशीनं मातीत ठेवली होती. त्यामुळं या नातवाला वारासुद्धा लागू द्यायचा नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, तिथंच घोळ झाला.

त्यांचा पाणी तापवायचा बंब परसात असायचा, उघड्यावर. नगरच्या जुन्या बाजारातून आणलेला तांब्याचा बंब. मधल्या नळीत कोळसे, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. विकणाऱ्यानं तो स्वतः उचलून टांग्यात ठेवून दिला होता. एवढी घाई कशाची, हा संशय मावशीला तेव्हाच आला होता, पण बंब पडला स्वस्तात. हवेचं खालचं तोंड किती उघडायचं, वरचं झाकण कधी सरकवायचं, सगळं तिच्या हातात बसलं होतं. पाणी भरल्याशिवाय तिनं कधी काडी ओढली नाही.

पण बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तिनं तो बंब न्हाणीत आणला.

न्हाणी केवढी? दोन माणसं उभी राहिली की भरली. वर एक झरोका. तोही तिनं गोणपाट कोंबून बंद केला. दार लावलं की आत नुसती ऊब. मावशी खूष.

मग एका सकाळी…

गोणपाट खाली होतं.

पडलेलं नव्हतं. चौघडी घालून, कोरड्या कोपऱ्यात नीट ठेवलेलं.

दयाला न्हाऊ घालायला गावातली रंगुबाई यायची. मावशीनं तिलाच धरलं.

"रंगू, गोनपाट तू काढलं?"

"न्हाई ओ हन्नाबाई. माझा हात तरी पुरतोय का तिथं?"

मावशीनं ते परत कोंबलं. दुसऱ्या दिवशी…

पुन्हा खाली. पुन्हा तशीच चौघडी.

त्यानंतर एकदा बंबाचं हवेचं तोंड कुणीतरी घट्ट लावून ठेवलं. कोळसे विझले, पाणी गार, दया कुडकुडत बसली. मावशीचा पारा चढला.

"तुला काम नगं आसंल तर तसं सांग की!"

"बाई, मी कशाला इस्तू इझवू? उलट मी म्हन्ते, बंब भाईरच बरा व्हता. आत लई डोकं दुखतंय. दयाबी म्हन्ती, गरगरतंय."

मावशीला ते कामाची टाळाटाळ वाटली. शिवाय रंगुबाईला मूलबाळ नव्हतं. मावशीच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. ही बाळाकडं एवढं टक लावून का बघते? जाताना उंबऱ्यात का थांबते?

शनिवारी दुपारी तिनं रंगुबाईला सांगून टाकलं, "उद्यापास्नं येऊ नगंस."

रंगुबाई पदरानं डोळे पुसत निघून गेली.

रविवारी मिशनच्या देवळात बाळाचा बाप्तिस्मा होता. म्हणून शनिवारी संध्याकाळीच दोघांना न्हाऊ घालायचं ठरलं. या वेळी मावशीनं झरोका गोणपाट कोंबून वर ओल्या मातीनं लिंपला. आता काढून दाखव म्हणावं!

बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं. म्हणून आधी दयाला न्हाऊ घातलं. अंग पुसलं, लुगडं गुंडाळलं, आणि घाम येईपर्यंत तिथंच बस म्हणाली. दार वाऱ्यानं उघडू नये म्हणून बाहेरून कडी लावली आणि ती चुलीशी आळिवाची खीर ढवळायला गेली.

थोडा वेळ गेला.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला…

तांब्यातून, बेताबेतानं. मध्ये थांबून. पुन्हा.

मावशीचा हात थांबला. दयाचं न्हाणं तर झालं होतं. मग पाणी कोण घेतंय?

"दया, आता गं कशाला पानी घेतीस?"



पाण्याचा आवाज चालूच. त्याच्याबरोबर बाईमाणसाचं गुणगुणणं. अगदी हळू.

रंगू! दुसरं कोण असणार? मागच्या बाजूनं शिरली असणार मेली. मावशी पळी घेऊनच धावली.

न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी होती.

तिनं लावली होती तशीच.

आवाज थांबला…

मावशीनं कडी काढली. दया दाराशीच आडवी पडली होती, तोंड दाराखालच्या फटीला लावून. तिच्या डोक्याखाली चौघडी घातलेलं गोणपाट होतं. झरोका उघडा. लिंपलेली माती भिंतीवरून ओघळलेली.

मावशीनं तिला फरफटत परसात आणलं, गालावर चापट्या मारल्या, प्रभूचा धावा केला. बऱ्याच वेळानं दयानं श्वास ओढला, ओकली आणि डोळे उघडले.

"आई… बाईनं वडलं मला. उटताच येत नव्हतं."

"कोन बाई? रंगू?"

"रंगूआत्या न्हाई. दुसरीच. केस वले व्हते तिचे."

"काय म्हनली?"



"म्हनली, तू हितं पडून ऱ्हा. लेकराचं मी बघते."

मावशीला एकदम आठवलं. दयाला ओढून काढलं तेव्हा न्हाणीतली फरशी ठणठणीत कोरडी होती. दयाच्या न्हाण्याचं पाणीसुद्धा उष्णतेनं वाळून गेलं होतं.

मग ते पाणी कुठं ओतलं जात होतं?

ती आतल्या खोलीकडं धावली.

बाळ जागच्या जागी होतं. शांत झोपलेलं.

तिनं वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला…

जावळ ओलं होतं.

अंग कोमट. बाळाला कोळशाच्या धुराचा वास येत होता. त्याला कुणीतरी मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं, आणि गाठ पाठीमागं मारली होती. मावशीच्या घरात अशी गाठ कुणी मारत नसे.

आणि बाळाला तर अजून न्हाऊ घातलंच नव्हतं!

तशीच उठून मावशी रंगुबाईकडं गेली, दया आणि बाळ दोघांना बरोबर घेऊन. त्या घरात थांबायची कुणाची छाती होती? रंगुबाई दुपारपासून शेजारणींबरोबर जात्यावर बसली होती. चार बायांनी सांगितलं. मावशीनं तिचे हात धरले. चुकले म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द त्याआधी कुणी ऐकला नव्हता.

रंगुबाई म्हणाली, "बाई, त्ये गोनपाट तुमीच काढता आसं मला वाटायचं. आन न्हाऊ घालताना सारकं वाटायचं, मागं कुनीतरी हुभं हाय. तुमी मलाच येडी म्हनला आसता, म्हून बोलले न्हाई."

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. कोंडलेल्या खोलीत कोळसा पेटवला की विषारी वायू साचतो, माणूस गुंगीत जातं, नाही ते दिसतं, असं तो म्हणाला. बंब उघड्यावरच ठेवा, झरोका कधी बुजवू नका, असं बजावलं. मावशीला पटलं. दयाला ते का दिसलं, तेवढं पटलं.

बाळाच्या ओल्या जावळाबद्दल तिनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, गडबडीत तुम्हीच न्हाऊ घातलं असेल.

विकणाऱ्याला घाई कशाची होती, ते मावशीला आता उमगलं; बंब त्याच आठवड्यात मोडीत गेला. पोरगा वाढला, शिकला, चांगला धडधाकट निघाला. पण मावशीनं त्याला कधी मांडीवर घेतलेलं कुणाला आठवत नाही. बाकीच्या नातवंडांना ती कुरवाळायची. हा जवळ आला की त्याच्या तोंडाकडं बघत राहायची.

मी तिला विचारलं होतं, "मावशी, बाळ तर वाचलं ना? मग भीती कसली?"



"वाचलं की," ती म्हणाली. "आमचंच लेकरू हाय त्ये."

मग दाराकडं बघत, हळूच…

"आसंल."