डावीकडची पिन

जीपच्या पोटाखालून वेल्डरबाई बाहेर आली आणि ग्रीसचे हात पुसत स्वतःवरच खूश झाली. काम फक्कड जमलं होतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा वळणावर जीपला डुलू देत नाही, हा त्याचा गुण; पण दगडधोंड्यांत तोच चाकांना आपापलं वरखाली होऊ देत नाही. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना तिनं घरीच घडवलेल्या पिना बसवल्या होत्या. ओढल्या की दांडा सुटा, खोचल्या की पक्का.

नवरा गेल्यापासून जीप शेडमध्ये पडून होती. ती तिचा जीव की प्राण असली, तरी निम्मी धाकट्या दिराची होती. "वहिनी, एकटीनं टेकडीवर चढवून दाखव, म्हणजे जीप तुझी. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे," तो म्हणाला होता. दादा असताना चढावर दोघं लागायची, एक चालवायला नि एक उतरून जीपची बाजू दाबायला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी भावजी टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभे राहिले. ती निघाली आणि तिथंच माशी शिंकली. पिना सपाटीवरच ओढायच्या असतात, ते उत्साहाच्या भरात राहूनच गेलं. अर्ध्या चढावर जीप एका बाजूला कलून अडली. ती उतरली. उजवी पिन निघाली, डावी जाम. ती बाजू कुणी खाली दाबल्याशिवाय पिन सुटणार नव्हती, आणि जवळपास चिटपाखरू नव्हतं.

"अहो, जरा दाबा की," ती वैतागून म्हणाली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

मडगार्ड सावकाश खाली गेलं. पिन हातात आली.

तिनं मान वर करून पाहिलं. कुणी नव्हतं. खरं तर घाबरायला हवं होतं, पण तिला बरंच वाटलं.

जीप दगडांवरून अलगद वर गेली. "हरलो बाई. जीप तुझी," म्हणत भावजी पायवाटेनं उतरूनही गेले.

आता पिना परत बसवायच्या होत्या. उजवी बसली. डावीचं भोक जुळेना. सपाट जागा असूनही जीप त्या बाजूला दबलेली होती.

"अहो, उतरा आता," ती हसून म्हणाली.

डावी बाजू वर आली. पिन बसली.

समाधानानं ती उठणार, तोच जीप पुन्हा हलली.

मागची बाजू वर उचलली गेली, मागून कुणीतरी उतरावं तशी. थोडं थांबून, आणखी एकदा.