घाईने उघडलेली भट्टी

आत्याला पुस्तकांच्या दुकानातून बाहेर काढणं म्हणजे महाकठीण काम. आम्ही दोघी सुट्टीला आलेल्या त्या गावातही शेवटी तिला दुकानातच सोडून मी पुढे निघाले. हातात नुकतीच घेतलेली वाइनची बाटली, छत्री आत्याकडे... आणि पाऊस आला. समोर दिसलेल्या दारात मी घुसले. ते कुंभाराचं दुकान होतं.

चाकावर बसलेल्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं.

"वाइनचे पेले आहेत?"

"कसे हवेत?"

"ओठाला जाड न लागणारे. आणि हा निळा रंग नको, शाई सांडल्यासारखा दिसतो."

"अजून काही तक्रार?"

"सध्या एवढीच."

मातीने माखलेल्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारत तो हसला. आपलं आता काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मग मी रोज जाऊ लागले. माझे दोन पेले त्याने माझ्यासमोर घडवले.

"कड अजून पातळ कर ना."

"चिकित्सक बाई, ओठ कापेल तुझा."

"कापू दे. तुझं काय जातंय?"

"...जातंय थोडं," तो म्हणायचा आणि मान खाली घालायचा.

आत्या त्याला मौनीबाबा म्हणायची, कारण तिच्या अख्ख्या चौकशीला तो एक 'हं' द्यायचा. त्याचे वडील आतल्या खोलीत बसत. त्यांचे हात थरथरायला लागले होते. त्यांनी कशाबशा घडवलेल्या काही सुरया माझ्या पेल्यांबरोबरच भाजायच्या होत्या. त्यानंतर ते चाकावर बसणार नव्हते.

पावसाने सरपण भिजलं आणि भट्टी उशिरा पेटली. ती विझली की पूर्ण थंड होईपर्यंत उघडायची नसते, नाहीतर गार हवा लागून भांडी तडकतात. इकडे आमची निघायची वेळ आली. परदेशातली नोकरी माझी वाट बघत होती. घरी जाऊन होकार तेवढा कळवायचा होता.

"एक दिवस राहायचं का गं अजून?" आत्याने त्याच्यासमोरच विचारलं. मुद्दामच विचारलं तिने. मी त्याच्याकडे पाहिलं. थांब म्हण ना रे... एकदाच म्हण.

"पेले पाठवून देईन मी," तो चाकाकडे बघत म्हणाला.

"बरं," मी म्हणाले. इतका राग आला मला त्याचा!

सकाळी आत्याला सामानाबरोबर बसपाशी उभं करून मी निरोप घ्यायला गेले. मागच्या अंगणातून टिक... टिक... असा आवाज येत होता. भट्टीचं तोंड उघडं होतं. बाहेर मांडलेली भांडी एकेक करून तडकत होती. माझे पेले गेले होते. सुरयांपैकी एकही धड नव्हती. वडील खाली बसून तुकडे गोळा करत होते.

"हे काय केलंस तू?"

"तुला थांब म्हणायची हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "वाटलं, पेले हातात दिले की... तूच थांबशील."

"अरे, मी थांबणारच होते! तुझ्या एका शब्दासाठी ताटकळले होते. आवडतोस तू मला. केव्हाचा आवडतोस."

त्याने भट्टीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. "हे काल कळलं असतं तर भट्टीला हात लावला नसता मी."

"मग... आता थांबू?"

वडिलांच्या हातातून एक तुकडा निसटला. त्याने वाकून तो उचलला, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"नको," शेवटी तो म्हणाला. "तू समोर असलीस की मला बाबांच्या तोंडाकडे बघवणार नाही. जा तू."

मी गेले. बस सुटली. आत्याला माझ्या तोंडावरच सगळं दिसलं असावं. थोड्या वेळाने मला आवरेना. मी पदराआड, म्हणजे आत्याच्याच पदराआड, तोंड लपवायला गेले.

तिने पदर काढून घेतला.

"रड मोकळेपणी. लोक बघतात तर बघू देत. लाजायचं तेवढं लाजून झालंय तुमचं दोघांचं."