हातमोज्यांवरचा शिक्का

लाइट गेलीच आहे, तर ऐका. आधीच सांगून ठेवतो, पस्तीस वर्षं बातमीदारी केली, पण एकही भूत छापलं नाही. भुताची प्रतिक्रिया घेता येत नाही, आणि प्रतिक्रियेशिवाय बातमी द्यायची नाही हा माझा नियम. म्हणून हीसुद्धा छापली नाही. ही ज्याच्यावर गुदरली तो माझा शाळासोबती. विशीतच केस गेले म्हणून आम्ही जुन्या वर्गमित्रांनी त्याला अण्णा करून टाकलं, ते कायमचं. अण्णा थापा मारणाऱ्यांतला नाही. थाप मारायला थोडी कल्पनाशक्ती लागते. ती वाटताना हा बहुतेक रांगेत नव्हता.

हसू नकोस, पुढचं ऐक.

खेड्यापाड्यांना वीज पुरवणाऱ्या छोट्या छोट्या संस्था असतात. एकेकटीने सामान घ्यायचं तर परवडत नाही. म्हणून तिकडच्या चाळीसेक संस्थांनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, सगळं ही संस्था घेणार आणि गावोगाव पोचवणार. गावाबाहेर रस्त्याला लागून तिचं गोदाम. आवारात खांबांच्या राशी, तारांची माणसाएवढी लाकडी चाकं, आणि अगदी मागच्या कोपऱ्यात एक लांबट खोली. तिथे अण्णा बसायचा. त्याचं काम हातमोजे तपासण्याचं.

म्हणजे वायरमन चालू तारेवर काम करताना घालतात ते जाड रबरी हातमोजे. दर सहा महिन्यांनी ते गावोगावहून अण्णाकडे यायचे. तो त्यांत पाणी भरायचा, पाण्याच्या टाकीत लोंबकळत सोडायचा आणि वीज द्यायचा. रबराला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी भिंतीवरच्या मीटरचा काटा उडायचा. काटा हलला नाही तर मनगटावर तारखेचा शिक्का. हलला तर कात्री घेऊन पाचही बोटं छाटायची. हो, छाटायचीच. नाहीतर कोणीतरी अडल्या वेळी तोच घालून खांबावर चढतो.

एक वायरमन होता. पोरांना शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. बाकीचे मोजे पाठवून द्यायचे, हा स्वतः घेऊन यायचा. टाकीजवळ उभा राहायचा आणि शाळेतल्या पोरासारखं विचारायचा, "साहेब, पास का नापास?" अण्णा म्हणायचा, "मास्तर, तुम्ही कधी नापास होता का?" एवढंच. दर सहा महिन्यांनी तोच विनोद, आणि दर वेळी दोघं हसायचे.

तर त्या वर्षी वीज सोडणारी पेटी बिघडली. दुरुस्तीला पाठवली. दुरुस्तीच्या कागदावर खरेदी समितीची सही हवी होती. ती दोन महिने झाली नाही. अध्यक्षांच्या केबिनचा एसी मात्र बंद पडला त्याच दिवशी चालू झाला! असो. हातमोजे साठत गेले. शिक्क्याशिवाय मोजे वापरायचे नाहीत असा नियम, म्हणून गावांतून फोनवर फोन. मॅनेजर अण्णाला म्हणाला, "अहो, शिक्का मारून द्या. दिसायला तर चांगले आहेत ना? एका शिक्क्याने काय आभाळ कोसळतंय?"

अण्णाने मारले. मास्तर आपले घेऊन आला तेव्हाही मारला. टाकी कोरडी, पेटीची जागा रिकामी. मास्तरने सगळं पाहिलं आणि तरीही विचारलं, "साहेब, पास का नापास?"

अण्णा म्हणाला, "पास."

एकोणीस दिवसांनी मास्तर खांबावर शॉक लागून गेला. तिथेच. संस्थेने तीन ओळींचं पत्रक काढलं. मयताने हातमोजे घातले नव्हते. ते पत्रक माझ्याच टेबलावर आलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं छापलं. पस्तीस वर्षांत लाज वाटावी अशा ज्या दोन-चार गोष्टी केल्या, त्यातली ही एक. कारण हातमोजे घातले होते. उजव्याला अंगठ्याच्या बुंध्याशी मोहरीएवढं भोक होतं. मोजे गोदामात परत आले तेव्हा अण्णाने डोळ्यांनी पाहिलं. नंतर ते मोजे कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. अण्णाही गप्प बसला. मुलीचं लग्न ठरलेलं, निवृत्तीला दीड वर्ष.

आता ती रात्र. सतरा नोव्हेंबर, मंगळवार. मास्तर जाऊन आठ दिवस झाले होते.

संध्याकाळी वादळ झालं आणि अकरा गावांच्या तारा जमिनीवर आल्या. रात्री नऊला मॅनेजरचा फोन. पहाटे पाचला ट्रक निघणार, खांब, तारा आणि कपाटातले छत्तीस जोड हातमोजे घेऊन. "आत्ताच जाऊन शिक्के मारून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे." अण्णाने जेवणाचं ताट सारलं. बायको म्हणाली, "सकाळी नाही का चालणार?" तो म्हणाला, "सकाळी ते खांबावर असतील."

दहा चाळीसला त्याने गोदामाच्या फाटकाशी स्कूटर लावली. पहारेकरी कान बांधून बसला होता. "काय साहेब, घरातून हाकललं की काय वहिनींनी?"

"हाकललं असतं तर पथारी घेऊन आलो असतो," अण्णा म्हणाला. "दार लोटून घे. अर्ध्या तासात आलोच."

खोलीत एकच दिवा. टेबलावर त्याने छत्तीस जोड मांडले. उपडे. शिक्क्याची तारीख फिरवली, शाई लावली आणि सुरुवात केली. ठप्प. ठप्प. पहिला जोड, दुसरा, तिसरा. हाताला सवयच होती. बाहेर वारा पडला होता. कुठेतरी एखादा पत्रा वाजायचा, तोही थांबला.

सातव्या जोडावर शिक्का पडला आणि भिंतीवर टक् असा आवाज झाला.

त्याने वर पाहिलं. मीटरचा काटा पार उजव्या टोकाला गेला होता. बघता बघता हळूहळू परत आला, शून्यावर.

दणक्याने हलला असेल, असं त्याला वाटलं. तू आत्ता म्हणतोयस तेच. इंजिनियर ना तू! अण्णाही चाळीस वर्षं हेच काम करत होता. तो उठला, मीटरपाशी गेला. मीटरच्या दोन्ही वायरी भिंतीवरून खाली लोंबत होत्या, टोकं उघडी. पेटीच नव्हती, जोडणार कशाला?

परत येऊन बसला. आठवा. काटा स्तब्ध. नववा, दहावा. स्तब्ध. अकराव्याला...

टक्.

या वेळी काटा लगेच उतरला नाही. थरथरत टोकाला राहिला. अण्णाने तो जोड बाजूला ठेवला, तेव्हा उतरला. सातवाही त्याने बाजूला काढला. का काढला, विचारू नका. त्यालाही सांगता आलं नाही. शिक्के मारत राहिला, कारण थांबलं तर खोलीत काहीच आवाज उरत नव्हता. अठरावा. टक्. तेविसावा. टक्. शाई बोटांना लागत होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मॅनेजर.

"झालं का हो?"

"होतंय."

"लवकर करा. आणि कोणाला घेऊन बसलाय तिथे?"

"कोणी नाही. मी एकटाच आहे."

"एकटे काय! मागे बोलतंय की कोणीतरी."

अण्णा मागे वळला. टाकी. कपाट. भिंत.

"...काय बोलतंय?"

"अहो, तेच तेच. पास का नापास, पास का नापास... त्याला जरा गप्प बसवा, तुमचं ऐकू येत नाही मला."

अण्णाला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याने फोन बंद केला.

शांत. अगदी शांत. आणि मग डाव्या कानाशी हवा सुटल्याचा आवाज. बारीक. वायरमन चढण्याआधी हातमोज्याची कड गुंडाळून आत हवा कोंडतात आणि कानाशी धरतात. भोक असलं तर आवाज येतो. मास्तर सगळ्यांना तेच शिकवायचा. कानाशी धरा, ऐका.

कोणीतरी धरलं होतं.

अण्णाने मान वळवली नाही. समोर बघत राहिला. समोर टेबलावर तेविसावा जोड होता. उजवा मोजा सपाट पडलेला. त्याचं करंगळीचं बोट... फुगलं. मग शेजारचं. मग मधलं. एकेक. सावकाश. हात घालताना फुगतात तशी. पाचही बोटं भरली. मोजा उताणा झाला. मनगटाची उघडी बाजू अण्णाकडे. उघडी. काळी.

काटा टोकाला.

अण्णा बोलला. मोठ्याने नाही. "मास्तर... मी तपासलंच नव्हतं."

काही नाही.

"मी पास म्हणालो. मला माहीत नव्हतं. मी तपासलंच नव्हतं..."

काही नाही. मोजा तसाच. वाट बघत.

मला सांगताना अण्णा इथे म्हणाला, "तपासायचं राहिलं होतं ना रे. तेवढंच मागत होता तो."

त्याने उजवा हात आत घातला.

मोजा बाहेरून कोरडा होता. आत पाणी होतं. गार. मनगटापर्यंत. कोपरापर्यंत. मोजा एवढा लांब नसतो. आणि तळाशी...

तळाशी हात होता.

त्या हाताने त्याचा हात धरला.

...

तीन वाजून पन्नास मिनिटांनी पहारेकरी बघायला आला. अर्ध्या तासाचं काम, पाच तास उलटून गेले होते. अण्णा खुर्चीत ताठ बसलेला, डोळे उघडे, उजव्या हातात मोजा. पहारेकऱ्याने हाक मारली, गदागदा हलवलं, तेव्हा कुठे त्याने मान फिरवली. मोजा काही केल्या निघेना. शेवटी पहारेकऱ्याने कात्री घेतली आणि बोटं छाटून काढला. आतून थेंबभर पाणी निघालं नाही. हातावर ना भाजल्याची खूण, ना ओरखडा. मी पहारेकऱ्याला गाठून वेगळं विचारलं. त्याने हेच सांगितलं, आणि दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडली.

पाचला ट्रक निघाला तेव्हा अण्णा त्याच्या समोर उभा राहिला. म्हणाला, खांब न्या, तारा न्या, हातमोजे जाणार नाहीत. मॅनेजर फोनवर वाटेल ते बोलला. "अकरा गावं अंधारात ठेवणार तुम्ही?" अण्णा म्हणाला, "ठेवणार." आणि त्याच टेबलावर बसून त्याने छत्तीसच्या छत्तीस जोडांची बोटं छाटली. एकेक करून. मोजे दुसऱ्या जिल्ह्यातून मागवावे लागले, गावं दोन दिवस अंधारात राहिली. पण त्या दोन दिवसांत खांबावर कोणी मेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. म्हणाला, लिहून घे. मी म्हटलं, मला नको देऊस, प्रतिज्ञापत्र कर, म्हणजे कोणाला नाकारता येणार नाही. मास्तरच्या बायकोला भरपाई त्या तीन ओळींमुळे अडली होती. अण्णाने सगळं लिहिलं. पेटीचं, शिक्क्याचं, मोहरीएवढ्या भोकाचं. रात्रीचं तेवढं लिहिलं नाही. आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात गेलो. भर दुपार, पंखा चालू, लोकांची गर्दी.

कारकून म्हणाला, "उजवा अंगठा ठेवा यंत्रावर."

यंत्राने घेतला नाही.

"घाम पुसा हो, आजोबा."

पुसला. घेतला नाही. तर्जनी ठेवली, मधलं बोट ठेवलं. नाही. कारकून वैतागला, म्हणाला, थांबा, जुन्या पद्धतीने घेऊ. शाईचं पॅड काढलं. अण्णाचा हात धरला, अंगठा शाईवर दाबला, कागदावर टेकवला. मग बाकीची चार बोटं. कागद उजेडात धरला. मग त्याने अण्णाचा हात पुन्हा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला... आणि पटकन सोडला. शर्टाला स्वतःची बोटं पुसत राहिला.

मग त्याच कागदावर डाव्या हाताचे ठसे घेतले, ते नीट उमटले, आणि नव्या कागदावर नुसत्या डाव्या हाताने काम झालं. पुढे मास्तरच्या बायकोला भरपाईही मिळाली.

तो पहिला कागद मी मागून घेतला. अजून माझ्याकडे आहे. डावीकडे डाव्या हाताचे पाच ठसे, रेषा मोजता येतील इतके स्वच्छ. उजवीकडे पाच काळे गोल. गुळगुळीत, रबरी मोज्याची बोटं टेकवल्यासारखे. एकावरही एक रेष नाही.